पाठीमागचा झोत : मोटारीचा स्वयंचलित आरसा, डिपर आणि सोलापूरचे रस्ते

प्रस्तावना :

मोटारगाडीचा इतिहास आपल्याकडे आजवर मुख्यतः कारखान्यांचा, उद्योगपतींचा आणि परवान्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या साली कोणती गाडी बाजारात आली, तिचे किती सुटे भाग परदेशातून येत आणि किती देशात तयार होत, याच्या नोंदी विपुल आहेत. परंतु ती गाडी रात्री रस्त्यावर आल्यानंतर तिच्या दिव्यांपुढे सापडलेल्या माणसाच्या डोळ्यांचे काय झाले, या प्रश्नाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक रात्रीचा रस्ता हे एक सामाजिक स्थळ आहे. तेथे कोणी कोणासाठी आपला दिवा मंद करावयाचा, याचे काही लिखित व काही अलिखित संकेत असतात आणि ते काळानुसार बदलत जातात.

प्रस्तुत निबंधात एका लहानशा वस्तूच्या आधारे या बदलाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. ती वस्तू म्हणजे मोटारीच्या आत, चालकाच्या डोळ्यांसमोर बसविलेला आणि मागच्या वाहनाचा झोत पडताच आपोआप काळवंडणारा आरसा. विक्रेते हा आरसा सुखसोयींच्या यादीत दाखवितात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो एका विशिष्ट प्रकारच्या रस्त्याचे अपत्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. ज्या रस्त्यावर झोत पाठीमागून येतो तेथे तो जन्मला. सोलापूरच्या रस्त्यांवर झोत दीर्घकाळ समोरून येत राहिला आणि म्हणून येथे त्यावरचा उपायही निराळा होता.

या अभ्यासासाठी सोलापूरची निवड केवळ स्थानिक जिव्हाळ्यापोटी केलेली नाही. पुणे–हैदराबाद, सोलापूर–विजापूर आणि सोलापूर–धुळे हे जुन्या क्रमांकानुसार ९, १३ आणि २११ या क्रमांकांचे राष्ट्रीय महामार्ग येथे एकत्र येतात. २०१० मधील पुनर्क्रमांकनानंतर त्यांना ६५ व ५२ हे क्रमांक मिळाले. शिवाय पंढरपूर, तुळजापूर आणि अक्कलकोट या तीर्थक्षेत्रांमुळे येथील रस्त्यांवर रात्री केवळ वाहनेच नव्हे तर पायी चालणारी माणसेही असतात. भूप्रदेश बव्हंशी सपाट, रस्ते सरळ. त्यामुळे समोरून येणारा दिवा दूर क्षितिजावर असल्यापासून दिसू लागतो आणि तो जवळ येईपर्यंत डोळ्यांना त्याच्याशी सामना करावा लागतो. घाटरस्त्यावर वळणागणिक झोत तुटतो. माळावर तो तुटत नाही.

दिपणे :

मराठीत 'डोळे दिपणे' हा शब्दप्रयोग बहुधा कौतुकाने केला जातो. वैभवाने डोळे दिपतात, यशाने दिपतात. प्रकाशाच्या अतिरेकामुळे क्षणभर काहीच न दिसणे ही या शब्दाची मूळ शारीर बाजू मात्र बोलण्यात मागे पडली आहे. (डिपर या इंग्रजी शब्दाशी या क्रियापदाचे असलेले साम्य हा केवळ योगायोग होय, पण तो इतका चपखल आहे की पुष्कळांना डिपर हा शब्द मराठीच वाटतो.)

शास्त्रीय दृष्ट्या दिपण्याचे दोन प्रकार मानले जातात. एकात केवळ अस्वस्थता वाटते, तर दुसऱ्यात दृष्टीची क्षमताच कमी होते. दुसऱ्या प्रकारावर १९२६ मध्ये एल. एल. हॉलाडे यांनी केलेले काम पायाभूत मानले जाते. प्रखर प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो, त्याचा एक पातळ पडदा दृष्टिपटलावर पसरतो आणि त्या पडद्याआड मंद वस्तू हरवतात. वय वाढत जाते तसा डोळ्यातील विखुरणारा प्रकाशही वाढतो. अंधाराला पूर्णपणे सरावण्यास डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात, मात्र तो सराव मोडण्यास एक झोत पुरतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणजे दिपलेल्या डोळ्यांनी काढलेले तीन सेकंद म्हणजे ५० मीटर न पाहिलेला रस्ता होय.

आरशाचा पूर्वेतिहास :

मागचे पाहण्यासाठी आरसा वापरण्याची कल्पना मोटारीच्या बाल्यावस्थेतीलच आहे. डॉरोथी लेव्हिट या ब्रिटिश महिला मोटारचालिकेने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द वुमन अँड द कार' या पुस्तकात स्त्रियांनी गाडीत एक हातआरसा ठेवावा आणि मागचे पाहण्यासाठी तो उंच धरावा, अशी सूचना केली होती. १९११ च्या इंडियानापोलिस येथील ५०० मैलांच्या शर्यतीत रे हॅरून याने आपल्या गाडीवर आरसा बसविला. इतर स्पर्धकांच्या गाडीत मागे लक्ष ठेवण्यासाठी एक सहकारी यंत्रज्ञ बसत असे. हॅरून एकटाच होता आणि आरसा हा त्या माणसाचा पर्याय होता. तो शर्यत जिंकला. विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका हादरत होता की त्यात फारसे काही दिसलेच नाही, असे पुढे त्यानेच सांगितले. १९२१ मध्ये एल्मर बर्जर याने आरशाचे एकस्व घेतले आणि तो 'कॉप स्पॉटर', म्हणजे पोलिसाला हेरणारा, या नावाने विकला. सुरक्षेचे साधन म्हणून आज ओळखली जाणारी ही वस्तू प्रारंभी कायद्याला चुकविण्याचे साधन म्हणून विकली गेली, ही गोष्ट तंत्रज्ञानाच्या इतिहासात अपवादात्मक नाही.

मागचे दिसू लागले तसे मागच्याचे दिवेही दिसू लागले. त्यावर निघालेला उपाय अत्यंत साधा आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, आजवरचा सर्वांत सुंदर उपाय होय. आरशाची काच पाचरीसारखी, एका कडेला जाड व दुसऱ्या कडेला पातळ घडविली जाते. मागील बाजूस चांदीसारखा मुलामा असतो. दिवसा चालक मुलाम्यावरून परावर्तित झालेली उजळ प्रतिमा पाहतो. रात्री आरशाखालची लहान कळ ओढली की आरसा किंचित कलतो, उजळ प्रतिमा गाडीच्या छताकडे निघून जाते आणि डोळ्यांकडे येते ती केवळ काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतलेली मंद प्रतिमा. साध्या काचेचा पृष्ठभाग प्रकाशाचा जेमतेम ४ टक्के भाग परत पाठवितो, आणि मागच्या वाहनाचे दोन दिवे ओळखण्यास तेवढा पुरेसा असतो. या उपायाला वीज लागत नाही आणि तो बिघडतही नाही. चालकाने हात उचलावयाचा एवढीच त्याची अट.

हात उचलण्याचे हे कष्टही नकोत, या विचारातून स्वयंचलित आरसा जन्मास आला. त्याच्या आधी जनरल मोटर्सने १९५२ मध्ये 'ऑट्रॉनिक आय' हे उपकरण आणले होते. समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश हेरून ते आपल्या गाडीचा झोत आपोआप खाली घेई. १९५९ च्या आपल्या गाड्यांसाठी क्रायस्लर कंपनीने 'मिरर-मॅटिक' नावाचा आरसा जादा किमतीला देऊ केला. मागून प्रखर प्रकाश येताच प्रकाशसंवेदी घटाच्या साहाय्याने त्यातील पाचरीची काच आपोआप कलत असे. वरवर एकाच जातीच्या वाटणाऱ्या या दोन शोधांत एक मूलभूत फरक आहे. पहिला शोध दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी आपला दिवा मंद करतो. दुसरा दुसऱ्याच्या दिव्यापासून आपले डोळे वाचवितो. पुढील अर्धशतकात यांपैकी दुसराच अधिक फोफावला.

याचे एक कारण रस्त्यात आहे. १९५६ च्या कायद्यान्वये अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे सुमारे ४१ हजार मैलांचे जाळे विणण्यास प्रारंभ झाला. या महामार्गांवर जाणारी व येणारी वाहतूक एकमेकींपासून विलग केलेली होती. समोरचा झोत दूर गेला; त्याच दिशेने, त्याच वेगाने, मैलोन्मैल पाठीमागे राहणाऱ्या वाहनाचा झोत मात्र आरशात येऊन बसला. 'मिरर-मॅटिक' हे अशा रस्त्याचे साधन होते.

वालचंद, क्रायस्लर आणि न आलेला आरसा :

येथे सोलापूरच्या अभ्यासकाचे लक्ष एका नावाकडे वेधल्याशिवाय राहत नाही. भारतीय मोटार उद्योगाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. रेल्वेचे कंत्राटदार म्हणून प्रारंभ करून त्यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांच्या उद्योगांत पाऊल टाकले. मोटारीच्या कारखान्यासाठी त्यांनी सहकार्याचा हात मागितला तो याच क्रायस्लर कंपनीकडे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने या योजनेला दाद दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून क्रायस्लर गटातील वाहने बाहेर पडू लागली. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंद यांचे निधन झाले.

म्हणजे सोलापूरच्या एका सुपुत्राने स्थापन केलेल्या कारखान्याचे तांत्रिक नाते नेमके त्या कंपनीशी होते, जिने पुढे स्वयंचलित आरसा बाजारात आणला. तरीही १९५९ चा तो आरसा आपल्या रस्त्यांवर रुजला नाही. याचे प्रचलित स्पष्टीकरण आयातनिर्बंध आणि परवानापद्धती यांत शोधले जाते व ते चुकीचे नाही. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात देशांतर्गत उत्पादनाचा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कारखान्यांना निरोप मिळाला. फोर्ड व जनरल मोटर्स निघून गेल्या. प्रीमियरने फियाटशी सहकार्य करून लहान मोटारीकडे मोहरा वळविला. त्या काळात ज्या देशाला गाडीचे इंजिन व गिअरपेटी देशातच घडवावयाची होती, त्याच्या प्राधान्यक्रमात आपोआप कलणारा आरसा कोठेही बसत नव्हता. आणि तो बसू नये हेच योग्य होते, असे आजही म्हणावे लागेल.

परंतु केवळ परवानापद्धतीवर बोट ठेवून थांबल्यास एक गोष्ट नजरेतून सुटते. तो आरसा आला असता तरी पुणे–सोलापूर रस्त्यावर त्याने काय केले असते? या रस्त्यावर रात्री चालणारी वाहने होती ती ट्रक आणि राज्य परिवहनाच्या गाड्या. ट्रकच्या केबिनमागे माल असतो. आतल्या आरशातून मागचा रस्ता दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एस. टी. च्या आतल्या आरशात दिसतात ते प्रवासी, त्यांची बोचकी आणि घंटीची दोरी हाती धरलेला कंडक्टर. रातराणीचा चालक रात्री आतले दिवे मालवावयास सांगतो तो काचेवर पडणारे प्रतिबिंब टाळण्यासाठी. तो झोत आतला असतो, मागच्या वाहनाचा नसतो. रात्रीच्या वाहतुकीचा मुख्य भार वाहणाऱ्या या चालकांना आतल्या आरशाचे कोणतेही स्वयंचलन उपयोगाचे नव्हते.

दुपदरी रस्ता आणि डिपरची भाषा :

मग मागचे पाहण्याचे काम कोण करीत असे? ते काम माणसे करीत. ट्रकच्या डाव्या बाजूला बसणारा क्लीनर हा त्या वाहनाचा डावा आरसाच होता. खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून, गाडीच्या पत्र्यावर थाप मारून तो चालकाला मागची व बाजूची खबर देई. हॅरूनच्या आरशाने १९११ मध्ये ज्या यंत्रज्ञाची जागा घेतली, तो यंत्रज्ञ आपल्याकडे क्लीनरच्या रूपाने विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आणि काही प्रमाणात त्यानंतरही टिकून राहिला. मजुरी स्वस्त होती म्हणून तो टिकला, हे स्पष्ट आहे.

उजव्या बाजूचे काम मागच्या वाहनावर सोपविलेले होते. ट्रकच्या पाठीवरील 'हॉर्न ओके प्लीज' या शब्दांच्या उगमाविषयी नाना तर्क केले जातात. त्यांचा व्यावहारिक अर्थ मात्र निःसंदिग्ध आहे. मी मागे पाहत नाही, तू आहेस हे तूच मला कळव, असे पुढचा चालक मागच्याला सांगत असे. महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०१५ मध्ये या शब्दांवर बंदी घातली. ध्वनिप्रदूषणाच्या दृष्टीने ती समर्थनीय असली, तरी हे शब्द ज्या यंत्रणेचा भाग होते तिचा विचार त्या वेळी झाल्याचे दिसत नाही. त्याच पाठीवर खालच्या बाजूस दुसरी एक सूचना असे : रात्री डिपर वापरा. दिवसा हॉर्न आणि रात्री डिपर, हा आरशाला दिलेला भारतीय पर्याय होता.

डिपर हा मूळचा युरोप-अमेरिकेतील शोध. एकाच बल्बमध्ये दोन तारा बसवून लांबचा व जवळचा असे दोन झोत देण्याची सोय १९२० च्या दशकात रूढ झाली. पण आपल्या दुपदरी रस्त्यांवर त्याची जी भाषा घडली, ती कोणत्याही कारखान्याने शिकविलेली नव्हती. समोरच्याने आधी डिपर दिला तर आपणही द्यावयाचा. न दिल्यास एकदा अप्पर मारून आठवण करून द्यावयाची. पुढच्या ट्रकने उजवा दिवा लुकलुकविला तर तो वळणार आहे की आपल्याला पुढे जाऊ देत आहे, हे प्रसंगावरून ओळखावयाचे. अरुंद पुलावर ज्याने आधी अप्पर-डिपर केले त्याचा हक्क पहिला. यात गोंधळ होता, दांडगाई होती, गैरसमजाने होणारे भीषण अपघातही होते. या भाषेचे गौरवीकरण करण्याचा येथे हेतू नाही. मात्र तिच्या मुळाशी एक देवघेव होती. माझ्या दिव्याने तुझे डोळे दिपतात हे मी जाणतो, आणि तू ते जाणतोस अशी माझी अपेक्षा आहे.

कायद्यानेही हीच दिशा धरली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील दिव्यांच्या झोताविषयीचा नियम १०६ हा इतिहासाच्या विद्यार्थ्यानेही वाचावा असा आहे. वाहनाच्या पुढच्या दिव्याचा झोत असा खाली वळविलेला असावा, किंवा चालकास वळविता यावा, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजवीकडे ०.५ मीटर आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर असलेला कोणाही व्यक्तीचा डोळा त्याने दिपू नये. कायद्याने येथे एक काल्पनिक डोळा रस्त्यावर उभा केला आहे. तो उजवीकडे आहे, कारण डावीकडून चालण्याची पद्धत असलेल्या देशात समोरून येणारा माणूस उजवीकडेच असतो. म्हणजे हा डोळा समोरून येणाऱ्याचा आहे. पुढे चाललेल्या वाहनाच्या आरशात उमटणारा डोळा नियमकर्त्यांच्या मनात नव्हता. दुपदरी रस्त्याच्या अनुभवातून घडलेला हा नियम आहे, असे म्हणण्यास त्यामुळे जागा मिळते.

त्याची अंमलबजावणी मात्र नियमाच्या भाषेइतकी काटेकोर कधीच नव्हती. हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका रंगविणे किंवा वरच्या अर्ध्या भागावर काळी पट्टी चिकटविणे, हा आपल्याकडील रूढ उपाय. रस्ता सुरक्षा सप्ताहात पोलीस व परिवहन खात्याचे कर्मचारी नाक्यावर डबा-ब्रश घेऊन उभे राहत आणि येईल त्या गाडीला ठिपका लावीत. ठिपका प्रकाशशास्त्राच्या कसोटीला कितपत उतरतो हा वेगळा प्रश्न. परंतु तोही दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी स्वतःच्या दिव्यावर लावलेला ठिपकाच होता.

बैलगाडी आणि ऊस :

या व्यवहारात काही जण प्रथमपासूनच सहभागी नव्हते. बैलगाडीच्या खाली टांगलेला कंदील समोरच्याला गाडीचे अस्तित्व कळविण्यापुरता होता. त्याला अप्पर नव्हता, म्हणून डिपरही नव्हता. सायकलस्वाराची आणि पायी चालणाऱ्याची तीच गत. देवाणीसाठी ज्याच्याजवळ झोतच नाही, त्याच्यासाठी झोत खाली घेण्याचे बंधन कोणालाही वाटत नाही, ही गोष्ट रात्री सायकल चालविलेल्या कोणासही ठाऊक आहे.

सोलापूर हा राज्यातील साखर कारखान्यांची संख्या सर्वाधिक असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. गळीत हंगामात ऊस भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात. उसाचे वाढे ट्रॉलीच्या मागे लोंबत असल्याने मागचा दिवा असला तरी दिसत नाही. समोरून येणाऱ्या झोताने दिपलेला चालक अशा ट्रॉलीवर मागून जाऊन आदळतो, ही हंगामातील नित्याची बातमी आहे. कारखाने व परिवहन खाते यांनी ट्रॉल्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा वेळोवेळी घेतल्या. लोक या पट्टीला 'रेडियम' म्हणतात, जरी तिचा रेडियम या मूलद्रव्याशी काहीएक संबंध नाही. ही पट्टी तिच्यावर पडलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठविते. तिचे अस्तित्व सर्वस्वी मागच्याच्या दिव्यावर आणि मागच्याच्या न दिपलेल्या डोळ्यांवर अवलंबून असते.

काळवंडणारी काच :

दरम्यान आरशाचे तंत्र पूर्णतः बदलले. कलणाऱ्या काचेची जागा रंग बदलणाऱ्या काचेने घेतली. विद्युतदाबाने पदार्थाचा रंग बदलण्याच्या क्रियेला जे. आर. प्लाट यांनी १९६१ मध्ये इलेक्ट्रोक्रोमिझम हे नाव दिले. १९६९ मध्ये सत्येन देब या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील सायनामिड कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरात हा गुणधर्म दाखवून दिला. मिशिगन राज्यातील जेंटेक्स ही मूळची धूरसूचक यंत्रे बनविणारी कंपनी १९८२ मध्ये मोटरवर चालणाऱ्या स्वयंचलित आरशाकडे वळली आणि १९८७ मध्ये तिने काळवंडणारा आरसा बाजारात आणला.

त्याची रचना अशी. दोन काचांच्या मध्ये मिलिमीटरच्या अंशाइतकी फट असते व तीत विशिष्ट रंजकद्रव्ये असलेला जेल भरलेला असतो. काचांच्या आतील अंगास वीजवाहक पारदर्शक थर असतो. एक प्रकाशसंवेदक पुढे पाहतो व बाहेर अंधार आहे की उजेड हे ठरवितो. दुसरा मागे पाहतो. बाहेर अंधार आणि मागे झोत असे जुळून आले की सव्वा व्होल्टच्या आसपासचा अल्प दाब दिला जातो, जेल निळसर-हिरवट काळा होतो आणि आरशाची परावर्तनक्षमता ऐंशी टक्क्यांच्या घरातून दहा टक्क्यांखाली उतरू शकते. दाब काढला की काच आपसूक स्वच्छ होते. वीज गेल्यास आरसा काळा न राहता उजळ राहतो, हा त्यातील महत्त्वाचा गुण.

टंगस्टन ऑक्साइडच्या थराचा स्वभाव याहून वेगळा आहे. त्याला एकदा निळा केला की वीज काढल्यानंतरही तो बराच काळ निळाच राहतो. आरशापेक्षा तो खिडकीच्या काचेस अधिक मानवतो. या थरांवर आपल्या परिसरात झालेले काम उल्लेखनीय आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील भौतिकशास्त्र विभागात प्रा. पी. एस. पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी टंगस्टनच्या संयुगाचे द्रावण तापविलेल्या काचेवर फवारून असे थर तयार केले, त्यांत टायटॅनियमसारखी द्रव्ये मिसळून गुणधर्म कसे बदलतात हे तपासले आणि आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. महागड्या निर्वात यंत्रांऐवजी फवाऱ्याची स्वस्त पद्धत वापरणे हे या कामाचे वैशिष्ट्य. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्वतंत्र होण्यापूर्वी सोलापूरचे पदव्युत्तर केंद्र शिवाजी विद्यापीठाचेच अंग होते आणि पातळ थरांच्या संशोधनाची परंपरा येथील भौतिकशास्त्र विभागातही रुजली.

या संशोधनातून आरशाचा कारखाना उभा राहिला नाही, याची खंत आपल्याकडील चर्चासत्रांत अनेकदा व्यक्त होते. प्रस्तुत लेखकास ती काहीशी अस्थानी वाटते. सोलापुरात तयार झालेले कॅमशाफ्ट जगातील नामांकित मोटारींत बसविले जातात. म्हणजे येथे उत्पादनक्षमता नाही असे नव्हे. उणीव जाणवते ती प्रश्न विचारण्यात. येथील रात्रीच्या रस्त्याला कोणती काच हवी आहे, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचविण्याचे काम समाजशास्त्रे आणि इतिहास यांचे होते, आणि ते आम्ही केलेले नाही.

चौपदरीकरणानंतर :

२०१० नंतरच्या काही वर्षांत पुणे–सोलापूर महामार्ग चौपदरी झाला आणि रात्रीच्या रस्त्याचे व्याकरण बदलले. मधल्या दुभाजकावर कण्हेर व बोगनवेल लावली गेली. ही झाडे शोभेसाठी आहेत असा सर्वसाधारण समज आहे. समोरच्या झोताला आडोसा करणे हे त्यांचे महत्त्वाचे काम होय. कण्हेरीला पाणी कमी लागते, गुरे तिला तोंड लावीत नाहीत, आणि एका रांगेत वाढलेली कण्हेर मोटार, ट्रक, मोटारसायकल अशा सर्वांचे डोळे सारखेच झाकते. तिच्यासाठी कोणाला जादा किंमत मोजावी लागत नाही. जेथे ती वाळली आहे किंवा ढाब्यासमोर रस्ता ओलांडण्यासाठी तोडली गेली आहे, तेथे समोरचा झोत पूर्वीसारखाच येतो.

समोरचा झोत आडवला गेल्यावर अमेरिकेत १९५० च्या दशकात घडले तेच येथे घडू लागले. डिपरचे कारण कमी झाले. दुभाजकापलीकडच्याला आपला दिवा लागत नाही, या समजुतीने अप्पर कायम ठेवण्याची सवय वाढली. पुढे चाललेल्याच्या आरशात तो जातो हे मागच्याच्या ध्यानी येत नाही, कारण पाठीमागच्याला डिपर देण्याची कोणतीही खूण आपल्या रस्त्यांच्या भाषेत कधी नव्हतीच. त्यात हॅलोजनच्या जागी एलईडी दिवे आले. उंच बांध्याच्या मोटारीचा दिवा लहान मोटारीच्या आरशाच्या पातळीला येतो. काळवंडणारा आरसा भारतात मध्यम किमतीच्या मोटारींच्या वरच्या श्रेणीत याच काळात दिसू लागला, हा प्रस्तुत लेखकास योगायोग वाटत नाही. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या सहभागाने घडलेल्या वाहन मानकांत आरशांसाठी स्वतंत्र मानके आहेत; परंतु आरसा आपोआप काळवंडलाच पाहिजे असे बंधन नाही. तो ग्राहकाच्या ऐपतीवर सोडला आहे.

दुचाकीचे दोन्ही आरसे उघडे आणि साधे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, जेणेकरून दुचाकी इतरांस दिसावी. तिच्या स्वाराच्या डोळ्यांसाठी मात्र काहीही स्वयंचलित नाही. मागून झोत आला की तो आरसा हाताने बाहेर वळवितो. मग त्याला झोत दिसत नाही आणि मागचे वाहनही दिसत नाही. केंद्रीय नियमावलीत सुरक्षापट्टा, मोडणारा स्टिअरिंग दांडा यांच्या पंक्तीत ऑटोडिपरचेही नाव आलेले आहे. दुसऱ्यासाठी आपला दिवा आपोआप मंद करणारे ते यंत्र नियमावलीच्या बाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर, विरळाच आढळते.

कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापुरातून हजारो भाविक सुमारे ४५ किलोमीटर अंतर पायी चालत तुळजापूरला जातात. त्या काळात या मार्गावरील वाहतूक अन्य रस्त्यांनी वळविण्यात येते आणि महामार्गाच्या दोन्ही बाजू चालणाऱ्यांच्या स्वाधीन होतात. पौर्णिमा उलटली की वाहने परत येतात. भाविक त्यानंतरही, मंगळवारी व शुक्रवारी पहाटे, संख्येने कमी पण त्याच रस्त्याच्या कडेने चालत असतात. कायद्याने कल्पिलेला १.५ मीटर उंचीवरचा डोळा साधारणतः त्यांच्याच उंचीचा आहे. फक्त ते डावीकडे असतात.